सतरा दारांचा नकाशा

घर बांधताना माणसं गवंड्यामुळे थकतात, रेतीमुळे थकतात, नगरपरिषदेच्या शिक्क्यामुळे थकतात. आम्ही कागदावरच थकलो. एक वीटही आली नव्हती तेव्हा आमचा नकाशा अकरा वेळा बदलून झाला होता, आणि अकराही वेळा एकाच माणसामुळे. तो माणूस म्हणजे माझे सासरे, भगवानराव. मी त्यांना मामाजी म्हणते. माणूस वाईट नाही हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून कोणाचाही तसा समज होईल.

मामाजी पस्तीस वर्षं खाणीत होते. वणीच्या बाजूला त्यांचं शेत खाणीत गेलं, त्या बदल्यात नोकरी मिळाली, आणि पंचविसाव्या वर्षी वखर सोडून त्यांनी टोपीला बत्ती लावली. आता आमच्याकडे उघड्या खाणी जास्त, पण त्यांची खाण जुनी, भुयाराची. सुरुवातीला कोळसा भरला, मग टिंबर मिस्त्री झाले. टिंबर मिस्त्री म्हणजे कोळसा काढून पोकळी झाली की वरच्या छताला लाकडाचे टेकू देणारा. टेकू द्यायच्या आधी काठीने छत ठोकून पाहायचं. टणटण वाजलं तर पक्कं, ढबढब वाजलं तर मागे सरा. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की वर येऊनही त्यांची मान वरच राहिली. लग्नाच्या हॉलमध्ये जाऊ द्या, दवाखान्यात जाऊ द्या, आधी छत, मग माणसं.

मला पाहायला ते राळेगावला आले तेव्हा माझ्या बाबांनी नवाच स्लॅब टाकला होता. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर पाहुणे छत्री उंच धरून टोकाने छत ठोकत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं की नाही, मला आजही माहीत नाही. ठोकून झाल्यावर म्हणाले, "पक्कं हाय." बाबांनी लगेच आईला साखर आणायला सांगितलं. माझं लग्न असं ठरलं.

शेवटची चार वर्षं गुडघे बोलायला लागले म्हणून त्यांना वर बत्तीघरात बसवलं. पाळी सुरू होताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला द्यायचा, मामाजींनी तो खिळ्यावर अडकवायचा आणि बत्ती द्यायची. वर आल्यावर बत्ती परत, बिल्ला परत. खिळ्यावर बिल्ला लटकत असला म्हणजे तो माणूस अजून खाली आहे. एकही बिल्ला बाकी असेपर्यंत मामाजी घरी येत नसत. पाळी बदलली, दुसरा माणूस येऊन बसला, तरी नाही. कोणी खाली बिडी ओढत गप्पा मारत बसायचा आणि इकडे आमच्या भाकरी वातड व्हायच्या. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई इंदुताई, ताट झाकून दारात उभ्या राहायच्या आणि खाणीच्या दिशेने पुटपुटायच्या.

आम्ही राहायचो खाणीच्या कॉलनीतल्या क्वार्टरात. दोन खोल्या, आणि मधे एक पॅसेज. त्या पॅसेजमध्ये माझी शिलाई मशीन. मी ब्लाउज शिवते, आणि चांगले शिवते. हे मला स्वतःला म्हणावं लागतं, कारण घरात दुसरं कोणी म्हणत नाही. पॅसेजला दोन दारं, एक पुढच्या खोलीत उघडणारं, एक स्वयंपाकघरात. जो उठेल तो पॅसेजमधून जाणार. पाणी प्यायला, चप्पल घालायला, चार्जर शोधायला. बायकांची मापं मी साडीचा पडदा लावून घ्यायची आणि प्रत्येक वेळी ओरडायची, "थांबा, कोनी येऊ नोका!" आठ वर्षं ओरडले. एकदा बँकेतल्या मॅडम फिटिंगला उभ्या होत्या, आणि मामाजी पहिली पाळी करून आपल्याच नादात सरळ आत आले. मॅडम किंचाळल्या, मामाजी भिंतीवर आदळले, डबा सांडला. मॅडम परत कधी आल्या नाहीत, आणि त्यांच्या ओळखीच्या सहा जणीही आल्या नाहीत.

दोष मामाजींचा नव्हता. दोष त्या दोन दारांचा होता.

म्हणून मामाजी मे महिन्यात रिटायर होणार, क्वार्टर सोडावं लागणार, वणीच्या नव्या ले-आउटमधल्या आपल्या प्लॉटवर घर बांधायचं, असं ठरलं तेव्हा मी एकच गोष्ट मागितली. मोठं किचन नको, गॅलरी नको. मला दहा बाय दहाची एक खोली द्या, तिला एकच दार द्या, आणि त्या दाराला आतून कडी द्या. तीन भिंती सलग पाहिजेत. एकीला मशीन, दुसरीला कपाट, तिसरीला माणूसभर उंचीचा आरसा. माझ्या नवऱ्याने, अक्षयने, मान हलवली. तो कोळशाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर कामाला आहे आणि दिवसभर मान हलवूनच ट्रक सोडतो, त्यामुळे त्याच्या मान हलवण्यावर मी फार विसंबत नाही. पण इंजिनियर बादल राठोडने माझं म्हणणं वहीत लिहून घेतलं आणि चार दिवसांत नकाशा करून आणला.

काय सुंदर नकाशा होता तो! माझी खोली पुढे व्हरांड्याला लागून होती, म्हणजे गिऱ्हाईक घरात शिरायचीही गरज नाही. मी बोट फिरवून माझ्या तीन भिंती मोजल्या. आत्याबाईंनी देवघराची जागा पाहिली आणि देवाची पाठ संडासाला लागते म्हणून हरकत घेतली. नागपूरहून नणंदेने, प्रेरणाने, फोनवर निरोप पाठवला की किचन उघडं ठेवा, आजकाल तसंच असतं. आत्याबाई म्हणाल्या, फोडणीचा ठसका पाहुण्यायले देऊ का? अक्षयला फक्त मोटरसायकल कुठे लागेल ते पाहायचं होतं. अर्ध्या तासात सगळ्यांचे अभिप्राय संपले. बादल कागदाची गुंडाळी करायला लागला.

मग मामाजींनी चष्मा लावला.

"इथून निघाचं कोठून?" त्यांनी माझ्या खोलीवर बोट ठेवून विचारलं.

"दारातून, काका," बादल म्हणाला.

"आन दार दबलं त?"

"दार कायनं दबन? हे घर हाय, काका."

"छत आलं खाली त?"

बादलला ते लागलं. "माह्या हातचा स्लॅब आजपर्यंत कोठी पडला नाही. कोनालेही इचारा."

"मी तुह्या स्लॅबाले नाव नाही ठेवून राह्यलो, बाप्पा. मी वाट इचारून राह्यलो. एक वाट बंद झाली त दुसरी कोठी हाय?"

त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. खाणीच्या तोंडाशी म्हणे मोठा नकाशा लावलेला असतो आणि त्यावर बाहेर पडायच्या वाटा लाल बाणांनी दाखवलेल्या असतात. इतकी वर्षं रोज उतरताना ते बाण पाहिलेला माणूस घराच्या नकाशावर ते शोधत होता, आणि सापडत नव्हते म्हणून स्वतः काढत होता. हॉलमधून एक बाण पुढे, एक मागे. आमच्या बेडरूममधून एक इकडे, एक तिकडे. जिथे दुसऱ्या बाणाला भिंत आडवी आली तिथे त्यांनी भिंतीवर दोन रेघा मारून दार केलं. माझ्या खोलीतून त्यांनी जो दुसरा बाण काढला तो स्वयंपाकघरात गेला.

मी पाहत राहिले. व्हरांड्याकडून एक दार, स्वयंपाकघराकडून एक दार. क्वार्टरातला पॅसेजच उचलून नव्या घरात आणून ठेवला होता.

दुसरा नकाशा झाला. तिसरा झाला. प्रत्येक वेळी बादल एखादं दार वाचवायला काहीतरी युक्ती करायचा आणि मामाजी चष्मा लावून ती पकडायचे. पाचव्या नकाशात न्हाणीला दोन दारं आली. आत्याबाई उसळल्या. "मी आंघोळ करू का कड्या लावत बसू?" मामाजी शांतपणे म्हणाले, "दोनी लाव. येक डाव लावाले किती टाइम लागते?" सहाव्यात कोठीघराला दोन दारं झाली. गव्हाच्या कोठीला पळून जायचं होतं की काय कोण जाणे. मी मोजली, एकूण सतरा दारं. तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर सतरा दारं! बादलने कपाळाला हात लावला आणि त्याच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काहीतरी पुटपुटला. अर्थ मी विचारला नाही, चांगला नसणार.

शेजारपाजारचे लोक यायचे, टीपॉयवर पसरलेला नकाशा पाहायचे आणि हसायचे. कोणी विचारायचं, धर्मशाळा बांधून राह्यले का? कोणी म्हणायचं, सुताराले जावई करून घ्या. मामाजींना राग येत नसे. ते विचारणाऱ्यालाच विचारायचे, "तुह्या घराले किती वाटा हाय?" आणि तो माणूस मोजत मोजत घरी जायचा.

मी अक्षयला म्हटलं, "तुमचे बाबा हायेत. तुम्ही सांगा."

"तूच समजाव ना. तुह्यं आयकतात ते."

"माह्यं आयकलं असतं त सतरा दारं झाली असती का?"

अक्षयने मान हलवली.

शेवटी मी स्वतः बादलच्या ऑफिसात गेले. म्हटलं, बाकीच्या घराला पाहिजे तेवढी दारं लावा, खिडक्याही दाराएवढ्या करा, पण माझ्या खोलीचं दुसरं दार काढून टाका. बादल बिचारा लगेच तयार झाला. तो आठवा नकाशा. मामाजींनी तो घरी उघडला, चष्मा लावला, पाच मिनिटं पाहिला. मग माझ्याकडे न पाहता लाल पेन काढलं आणि माझ्या भिंतीवर दोन रेघा ओढल्या.

त्या दिवशी माझा तोल गेला. सुनेने सासऱ्यासमोर आवाज चढवायचा नसतो, हे मला माहीत आहे. मी चढवला.

"मामाजी, तुम्हाले निघाले वाट लागते ना? मले बसाले भिंत लागते! आठ वर्ष मी रस्त्यात बसून शिवून राह्यली. खाली तुम्ही काम केलं, मी नाही केलं. माह्या डोक्यावर कोनतं छत पडून राह्यलं?"

"निकिता!" आत्याबाई ओरडल्या.

 मामाजींनी पेनला टोपण लावलं आणि ते मागच्या अंगणात जाऊन बसले. मला वाटलं, आता हा माणूस जेवणार नाही. पण जेवायला ते वेळेवर आले आणि वरण वाढ म्हणाले. मला उलट जास्त राग आला.

त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो, नकाशावर बोलत होतो. मी त्या दोन लाल रेघांवर व्हाइटनर लावायची. संध्याकाळी मामाजी त्यावरून पुन्हा लाल ओढायचे. सकाळी पुन्हा व्हाइटनर. त्या जागेवर कागद इतका जाड झाला की बोट फिरवलं तर खरोखरची भिंत लागायची. आत्याबाई दोघांच्या मधे चहाचे कप ठेवायच्या आणि देवाला विचारायच्या की यायले कवा अक्कल येईन. कोणाला ते स्पष्ट नव्हतं. नववा, दहावा आणि अकरावा नकाशा याच भांडणात गेला, आणि तिकडे मामाजींची रिटायर होण्याची तारीख जवळ येत होती.

बादलने मग शेवटचा उपाय काढला. तो म्हणाला, "काका, कागदावर तुमचं जमत नाही ना? मी प्लॉटवर चुन्यानं सारं घर आखतो. तुम्ही आतून चालून पाहा. मंग जे म्हनान ते शेवटचं." हे मामाजींना पटलं. मी गुपचूप बादलला सांगितलं, माझी खोली एका दाराचीच आख. चालून पाहिल्यावर तरी त्यांना कळेल की खोली केवढीशी आहे, व्हरांडा दोन पावलांवर आहे, आणि पळायचंच झालं तर मला दुसरं दार लागत नाही.

एप्रिलच्या सकाळी आम्ही सगळे प्लॉटवर गेलो. काळ्या जमिनीला भेगा पडल्या होत्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या रेघांनी आमचं घर पसरलं होतं. कागदावर मोठं वाटणारं घर जमिनीवर एवढंसं दिसत होतं. कॉलनीतले चार लोक गंमत पाहायला आले होते. त्यांत रामलालकाका होते, मामाजींच्या बरोबर खाली काम केलेले, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेले.

मामाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि डोळ्यांना बांधला.

"हे काय नवीन?" आत्याबाई म्हणाल्या.

"बत्ती गेली असं समज," मामाजी म्हणाले आणि हॉलच्या मधोमध जाऊन उभे राहिले. डावा हात पुढे करून, पावलं मोजत ते चालू लागले. सात पावलं, दार, बाहेर. परत आत. मागच्या बाजूने नऊ पावलं, दार, बाहेर. बेडरूम झाली, स्वयंपाकघर झालं, न्हाणी झाली. चुन्याची रेघ त्यांनी एकदाही तुडवली नाही. सारा नकाशा त्यांना तोंडपाठ होता. लोक हसत होते, एकाने टाळ्याही वाजवल्या. मग ते माझ्या खोलीत शिरले.

व्हरांड्याकडचं दार त्यांना लगेच सापडलं. बाहेर गेले, परत आत आले. मग स्वयंपाकघराच्या बाजूला वळले. चार पावलं टाकली. तिथे त्यांच्या हिशोबाने दार असायला हवं होतं. तिथे रेघ होती. त्यांचा पाय चुन्याला लागला आणि ते थांबले. हात वर केले, हवेत चाचपले. डावीकडे दोन पावलं गेले, कोपरा लागला. उजवीकडे आले, कोपरा लागला. पुन्हा मधे आले आणि उभे राहिले.

"मामाजी, चुना हाय तो!" मी म्हटलं. मला चीडच आली होती. एवढ्या लोकांसमोर नाटक कशाला? "पाय उचला आन या बाहेर!"

"भिंत हाय," ते म्हणाले.

ते पुन्हा वळले, पण आता त्यांची पावलं चुकली होती. व्हरांड्याचं दार कोणत्या बाजूला होतं तेच त्यांना आठवेना. चारी बाजूंना मोकळं आकाश, पाच हातांवर रस्ता, रस्त्यावरून कोळशाचे ट्रक चाललेले, आणि हा माणूस बोटभर रुंदीच्या चुन्याच्या रेघांच्या आत अडकला होता. त्यांचा सदरा पाठीला चिकटला. लोकांचं हसणं थांबलं. मामाजी हळूच कोपऱ्यात खाली बसले, डोळ्यांवरचा दुपट्टा न काढता.

मी पुढे होणार तेवढ्यात रामलालकाकांनी मला हाताने अडवलं.

"थांब बाई. त्याले टाइम दे," ते म्हणाले. मग हळू आवाजात सांगू लागले. "अक्षय बालवाडीत होता तवाची गोष्ट. आम्ही दोघं आखरीच्या टोकाले टेकू लावून राह्यलो होतो. मागून छत बसलं. आलो ते वाट बंद. पहिले माही बत्ती गेली, मंग त्याची. दुसरी वाट होती, हवा येते ते, पन लांब. त्यानं एक हात भिंतीवर ठेवला, एक हात माह्या पट्ट्यात. त्यानंच लावलेले टेकू मोजत मोजत निघाला. चुकला की पुन्हा मांघं येऊन पहिल्यापासून मोजे. साहा घंटे लागले. वर आलो. कोनाले खरचटलंही नाही, त घरी सांगाचं काय?"

आत्याबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

"मले म्हने डबल पाळी लागली," त्या म्हणाल्या. "मी बोलली त्यायले, का भाकर थंडी झाली. लय बोलली." आणि त्या पदराने तोंड पुसत राहिल्या.

खरं सांगते, मला दया आली आणि त्याच वेळी संतापही आला. सत्तावीस वर्षं हा माणूस याबद्दल घरात कोणाला एक शब्द बोलला नाही. आधी सांगितलं असतं तर मी भांडले नसते, आणि आता सांगितल्यावर भांडायची सोयच राहिली नाही. ज्याला अंधारात तसं चालावं लागलं, त्याच्याकडे आरशासाठी भिंत कोणत्या तोंडाने मागायची? माझी खोली माझ्या डोळ्यांसमोर गेली, आणि मीच ती घालवली होती. मी चुन्याच्या आत गेले, त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "मामाजी, उठा. दुसरं दार ठेवू आपन. मी बादलले सांगतो."

त्यांनी दुपट्टा सोडला, त्यानेच तोंड पुसलं. उन्हात डोळे मिचकावले. जिथे त्यांनी हवेत हात फिरवले होते ती रेघ पाहिली.

"राहू दे," ते म्हणाले.

"काहून?"

"तुले भिंत लागते म्हने ना बसाले." ते उठले, गुडघ्यावरचा चुना झटकला आणि बादलला हाक मारली. "बादल, पोरीच्या खोलीले एकच दार ठेव. उरले ते सोळाच्या सोळा पाहिजे मले."

मला हसावं की रडावं ते कळेना. त्यांच्या आवाजात उपकार नव्हता, रागही नव्हता. टेकू कुठे लावायचा हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं होतं. पण जाताना त्यांनी त्या खोलीच्या दाराशी थांबून रस्त्यापर्यंतची पावलं मोजली, हे मी पाहिलं.

दिवाळीला आम्ही घरात आलो. सोळा दारांचं सगळं जे व्हायचं ते होतं. वारा सुटला की सोळाही धाडधाड वाजतात, कुत्रं एकीकडून शिरून दुसरीकडून भाकर घेऊन जातं, आणि आत्याबाई न्हाणीच्या दोन कड्या लावताना मामाजींचा उद्धार करतात. पण माझी खोली! तीन भिंती, माणूसभर आरसा, आणि आतून पितळी कडी. पहिल्या दिवशी तीन गिऱ्हाइकं आत आली, मी कडी लावली आणि आठ वर्षांत पहिल्यांदा कोणालाही थांबा न म्हणता माप घ्यायला टेप काढली.

बाहेर व्हरांड्यात प्लास्टिकची खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"निकिता, अंदर किती जनी हाय?"

"तीन, मामाजी!"

"चपला चार जोड्या हाय."

"चौथी माही हाय!"

"बरं."

बायका हसल्या. दुसऱ्या दिवशीही हसल्या. आठ दिवसांनी हसेनाशा झाल्या. कडी लागली की खुर्ची आली, आणि शेवटची चप्पल जाईपर्यंत खुर्ची हलत नाही. एकीने नवी चप्पल चोरी जाईल म्हणून पिशवीत घालून आत आणली, तर हिशोब जुळेना आणि मामाजींनी दार ठोकून ठोकून तिला खिडकीत उभी राहायला लावली, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. ती बाई माझ्याकडे पुन्हा आली नाही. मी अक्षयला म्हटलं, काहीतरी बोला. त्याने मान हलवली. मी स्वतः सांगून पाहिलं की गिऱ्हाइकांना संकोच होतो. मामाजींनी खुर्ची दोन हात लांब नेली आणि मोजायचं तोंडाने न करता बोटाने सुरू केलं. एवढीच काय ती सुधारणा.

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. लग्नाची ऑर्डर होती, म्हणून त्या दिवशी कोणालाच बोलावलं नव्हतं. दुपारी दोन वाजले होते, लाइट गेली होती, वणीतलं ऊन तर माहीतच आहे. मी कडी लावून एकटीच हातशिलाई करत बसले होते. घरातले सगळे जेवून आडवे झाले होते. बाहेर खुर्ची कुरकुरली.

"मामाजी?" मी आतूनच विचारलं. "जेवले नाही का तुम्ही?"

"जेवतो ना."

"मंग जा ना. ऊन लागन. आज अंदर कोनी नाही."

"एक जोडी हाय."

"माहीच हाय ते!" माझा आवाज चढलाच. आठ वर्षं मी या कडीची वाट पाहिली, आणि कडीच्या आत एकटी बसले तरी हा माणूस मला एकटी बसू देत नव्हता. "सांगतो ना, मी एकटीच हाय. कोनी नाही दुसरं!"

"मंग?" मामाजी म्हणाले. "एक त हाय ना अंदर."

सुई माझ्या हातातच राहिली. राग आला होता तो गेला नाही, पण त्याच्या वरून रडू आलं, आणि दोन्ही मला आवरेना. ब्लाउजचे अजून चार हूक लावायचे होते. मी तो तसाच मशीनवर टाकला, डोळे पुसले, उठून कडी काढली आणि बाहेर येऊन चपला पायात घातल्या. मामाजींनी मला पाहिलं. खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि आत्याबाईंना हाक मारली, "वाढ वं आता."

आत्याबाई आतून म्हणाल्या की भाकरी केव्हाच थंड्या झाल्या.